लिव्हिंग विल केलं, आता निवांत? कसलं निवांत!

नाइलाजराव
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एक पोस्ट फिरतेय : ‘लिव्हिंग विल करा, नोटरीचा शिक्का घ्या, मुलांना अवघड निर्णयातून मोकळं करा.’ लिव्हिंग विल म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सन्मानानं मरण्याचा हक्क मानला, पण पद्धत अशी घालून दिली की मॅजिस्ट्रेटची सही मिळेपर्यंत माणूस जायचा. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. इथवर पोस्ट बरोबर. पुढचं कोण सांगणार? हॉस्पिटलनं डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ नेमायचं, मग दुय्यम, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला, मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं, आणि त्यानंतर कुठे व्हेंटिलेटर काढायचा. मावशीच्या वेळी मी तिचा कागद पुढे केला. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं मागूनपुढून पाहिला आणि विचारलं, “हे मेडिक्लेमचं आहे का?”

भिंगरी
मग काय, करूच नये? डॉक्टरला माहीत नव्हतं, त्यात कागदाचा काय दोष? आमच्या सासूबाईंचं प्रकरण मंडळापर्यंत गेलंच नाही. आयसीयूत हलवायचं की नाही यावरून दोघे दीर पॅसेजमध्ये हमरीतुमरीवर आले होते. नणंदेनं पर्समधून कागद काढून मोठ्यानं वाचला : नळ्या नकोत, दुखू देऊ नका, शेवटचा शब्द धाकट्याचा. थोरले रागावले, पण गप्प झाले. डॉक्टरांनी वाचला नाही तरी चालेल, भावंडांनी ऐकला ना.

आबा७२
मरणाचं बघू हो. त्याआधीचं बोला. झटका आला, श्वास चालू, शुद्ध नाही. एफडी माझ्या एकट्याच्या नावावर. मुलाला कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवलंय, वाटलं काम झालं. वकील म्हणतो, काका, तुम्ही भानावर आहात तोवरच ते चालतं, करार कायद्याचं कलम २०१. म्हणजे ऐन गरजेला रद्द! इंग्लंडात भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे नाही. आणि नॉमिनीला मी मेल्याशिवाय कुणी विचारत नाही.

काळा चहा
आबा, विषय लिव्हिंग विलचा चाललाय.

आबा७२
आणि बिल कोण भरणार हा विषय नाही वाटतं?

कुंपणावरची
बँकेत होते म्हणून सांगते. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा नाही जमला तर पायाचासुद्धा, रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पलंगाशी वाकून, स्टँप पॅड धरून मी असे ठसे घेतलेत. पण पैसे निघताहेत हे त्या माणसाला कळलं पाहिजे. बेशुद्ध माणसाचा अंगठा टेकवला तर ती सरळ लबाडी.

फटकळ
मी टेकवलाय. वडिलांचा, बेशुद्ध असताना. शाई लावताना नर्सनं तोंड फिरवलं. त्यांचेच पैसे, त्यांच्याच इंजेक्शनांसाठी. या पकडायला.

कुंपणावरची
आम्ही कशाला येतोय? तुमचा भाऊच येईल, वाटणीच्या वेळी. पाहिलीत अशी प्रकरणं.

फटकळ
भाऊ न्यू जर्सीत. व्हिडिओ कॉलवरून “सगळे उपचार करा, पैशाकडे बघू नका” एवढं म्हणायला असतो.

दूरचा पाहुणा
आलंच शेवटी न्यू जर्सीवर! पैसे आम्ही पाठवतो ते कुणाला दिसत नाही. आईचं लिव्हिंग विल मीच सुट्टीत येऊन करून घेतलं. तिथल्या ताईनं “तुला आईच्या मरणाची घाई झालीय” म्हणत अबोला धरला.

फटकळ
रात्री आईची कूस बदलायला ताईच उठते ना? मग धरेल अबोला. तिकीट काढून या आणि आठवडाभर डायपर बदला, मग कागद करा.

दूरचा पाहुणा
तुमची ओळख ना देख, आणि माझ्या आईबद्दल मला शिकवताय?

काळा चहा
दोघेही आवरा. कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे धड कायदाच नाही, म्हणून लोक राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका घेऊन हायकोर्टात जातात. मुंबई हायकोर्टानं बायकोला नवऱ्याची पालक नेमल्याचे आदेश आहेत. पण तोवर हॉस्पिटलचा काउंटर थांबत नाही. त्यापेक्षा आजच खाती ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करा, म्हणजे दोघांच्या नावावर, पण कुणा एकालाही चालवता येतील अशी. आणि २०१७च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातला आगाऊ निर्देश कुणी इथे आणू नका, तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता आहे.

आबा७२
आणि मुलानं सगळे पैसे काढून घेतले तर?

काळा चहा
तर मग कशावरच सही करू नका, आबा.

सदाशिव_नाही_पेठेत
पैसा, सह्या, अंगठे! मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिकांनी शुद्ध हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. कुठल्या कागदानं? माया असली की पुरते.

भिंगरी
मायेबद्दल दुमत नाही. पण अरुणांना काय हवं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून २०११ मध्ये कोर्टाला आधी ठरवावं लागलं की त्यांच्या वतीनं बोलणार कोण, आणि तो मान केईएमच्या लोकांना मिळाला. माझ्या वतीनं कोण बोलणार ते मीच लिहून ठेवलेलं बरं. एकाहून जास्त नावं देता येतात.

सदाशिव_नाही_पेठेत
लिहा बापडे. तुमच्यात भांडणं जास्त दिसतात.

नाइलाजराव
धागा माझा आणि तुम्ही नेलात बँकेत. असो. भिंगरीबाई, नळ्या नकोत आणि शेवटचा शब्द कुणाचा, एवढ्यापुरता कागद मीही करतो, लागा नाचायला. त्याची एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. तो कुठल्या मजल्यावर बसतो हे वॉर्ड ऑफिसात निदान एकाला तरी माहीत असावं, एवढीच अपेक्षा. ती पोस्ट मात्र अजूनही बोगस.

आबा७२
एफडीचं राहिलंच. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असली की मुदतीआधी मोडायला एकाची सही पुरते ना?

कुंपणावरची
नाही. तशी संमती दोघांच्या सहीनं आधी वेगळी दिलेली असेल तरच. सोमवारी मुलाला घेऊन शाखेत जा, आणि चष्मा विसरू नका.