आवाज कुठून येतो, हाही रचनेचा भाग मानावा का?

उत्तररात्र (धागाकर्ता)
मागच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा ऑडियम या श्रोतागृहात एक संध्याकाळ घालवली. तिथे खुर्च्या ४९ आणि स्पीकर १७६. ते भिंतींत आहेत, छतात आहेत आणि जमिनीखालीही आहेत. रचना सुरू झाली की पूर्ण अंधार करतात. पाण्याचा एक थेंब माझ्या डाव्या खांद्यामागे पडला, तोच आवाज पायांखालून सरकत दूर निघून गेला, आणि तेव्हा लक्षात आले की आपण सूर किंवा लय नव्हे, तर अंतर ऐकतो आहोत. कोणता स्वर कधी यावा हे रचनाकार ठरवतो. तो कुठून यावा हेही तोच ठरवत असेल, तर त्याला सजावट कसे म्हणायचे? जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन यांनी ‘कोन्टाक्टे’ या इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी (१९५८-६०) फिरत्या टेबलावर स्पीकर ठेवून ते टेबल हाताने गरगर फिरवले आणि भोवतीच्या चार मायक्रोफोनांनी तो आवाज चार वेगळ्या मार्गांवर टिपला. त्या घुमण्याला मी चालीइतकेच महत्त्व देतो.

जवारी
वर्णन आवडले, निष्कर्ष पटला नाही. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचे दालन होते. काम वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले होते आणि त्या वळणदार भिंतींचा आराखडा मुख्यतः त्यांचे सहकारी, संगीतकार झेनाकिस यांचा होता. संगीतकार व्हारेझ यांची आठ मिनिटांची ‘पोएम इलेक्ट्रोनिक’ तिथे शेकडो स्पीकरांवरून भिंतीभिंतींनी धावत असे. पुढच्याच वर्षी ते दालन पाडले. आज ती रचना आपण घरी दोन स्पीकरांवर ऐकतो, आणि तरीही विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या कामांत तिची गणना करतो. तिचा जीव जागेत असता, तर तो जागेबरोबरच गेला असता.

दुसरे असे की, चार स्पीकरांच्या रचनेत खरी जागा मध्यभागीच असते, मग कडेला बसलेल्याने काय ऐकायचे? बैठकीत दाराशी बसलेल्यालाही षड्ज षड्जच ऐकू येतो. या प्रयोगांना मी करामत म्हणतो. करामतीला कमी लेखत नाही, पण तिला संगीत म्हणायला कचरतो.

ओटीवरची
कडेच्या श्रोत्याचा आक्षेप खरा आहे, मात्र तो सगळ्यांना लागू पडत नाही. कॅनडाच्या कलावंत जॅनेट कार्डिफ यांचे २००१ सालचे मांडणशिल्प पाहा. इंग्लंडचे संगीतकार टॅलिस यांनी १५७० च्या सुमारास चाळीस स्वतंत्र आवाजांसाठी, म्हणजे पाच-पाच गायकांच्या आठ वृंदांसाठी, एक लॅटिन रचना केली होती. कार्डिफ यांनी सॉल्झबरी कॅथीड्रलच्या गायकवृंदाकडून ती गाऊन घेताना प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित केला आणि उभ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर चाळीस स्पीकर लंबवर्तुळात मांडले. मध्ये बाके आहेत. बाकावर बसले तर सगळा वृंद अंगावर येतो. उठून एका स्पीकरला कान लावला तर एकाच गायकाचा श्वास ऐकू येतो. गाणे सुरू होण्याआधीची तीनेक मिनिटे तर नुसते खोकणे, घसा साफ करणे आणि आपापसातल्या गप्पा असतात, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातला तोच भाग सर्वांत धीट आहे. इथे मध्याला मान नाही, कारण ऐकणारा चालत राहतो.

जवारी
पण मग जागेचा विचार टॅलिस यांनीच चारशे वर्षांपूर्वी केलेला नव्हता का? आठ वृंद वेगवेगळे उभे राहू शकतील अशीच ती रचना आहे. कार्डिफ यांनी फक्त दार उघडून दिले.

ओटीवरची
दार उघडून दिले हे खरेच, परंतु मैफलीत उठून गायकाच्या ओठांशी कान नेण्याची मुभा कुणाला असते?

उत्तररात्र
जवारी, टॅलिस यांचे नाव घेऊन तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. जागा हा रचनेचा भाग आहे हे स्पीकरांच्याही आधीचे निघाले. फिलिप्स दालनाचे म्हणाल, तर भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत मिंडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या, जागी दोन स्वरांवर एक कमान छापलेली असते. ती कमान पाहून कोणाला मींड कळत नाही, म्हणून मींड ही बंदिशीबाहेरची करामत ठरत नाही. दोन स्पीकरांवरचे व्हारेझ हे मला त्या कमानीसारखे वाटतात.

आणि राहिला कडेच्या खुर्चीचा प्रश्न. ऑडियममध्ये मी सर्वांत बाहेरच्या रांगेत बसलो होतो. बाहेर आल्यावर बहीण म्हणाली की थेंब तिच्या समोर पडला. ती मध्ये बसली होती. फुटपाथवर आम्ही बराच वेळ वाद घातला, पण आपले ऐकणे चुकले असे दोघांपैकी कोणालाच वाटले नाही.