मुन्नार: एकच दिवस, सोबत मुलं, डोंगर आणि चहा दोन्ही कसं जमवावं?

रानवाटा (प्रश्न):
मुन्नारला फिरायला पुरा दिवस एकच मिळतोय. सोबत पाच आणि नऊ वर्षांची मुलं, शिवाय गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. एराविकुलम राष्ट्रीय उद्यान, टॉप स्टेशन हे उंचावरचं ठिकाण आणि चहा संग्रहालय, तिन्ही होईल का?

घाटमाथा:
तिन्ही नका करू. एराविकुलममध्ये पर्यटक जातात तो राजमला भाग मुन्नारच्या एका अंगाला, टॉप स्टेशन दुसऱ्या अंगाला साधारण 32 किमी. दोन्हीकडे गेलात तर दिवस गाडीतच जाईल आणि वळणांवर मुलांना उलट्या होतील.

एराविकुलम आणि संग्रहालय ही जोडी धरा. उद्यानाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून सकाळची पहिली वेळ घ्या. उशिरा ढग उतरले की 2695 मीटरचं अनाइमुडी शिखर समोर असून दिसत नाही. फाटकापासून बस वर सोडते, पुढे रस्ता पक्का पण चढाचा. सासूबाईंनी शेवटपर्यंत चढायलाच हवं असं नाही. निलगिरी ताहर (डोंगरातल्या रानशेळ्या) बऱ्याचदा कडेलाच चरत असतात. त्यांना काही खायला घालायचं नाही, हे मुलांना बसमध्येच बजावा.

दोन गोष्टी आधी तपासा. ताहरांच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असतं. तेव्हा सकाळीच टॉप स्टेशन गाठा, मट्टुपेट्टी धरण वाटेतच आहे. आणि संग्रहालय सोमवारी बंद. निळ्या डोंगरांचे फोटो पाहून जात असाल, तर ते निळेपण आणणारी नीलकुरिंजी 12 वर्षांनी फुलते: मागचा बहर 2018चा, पुढचा 2030 मध्ये अपेक्षित.

कोराचहा:
संग्रहालयात शिरण्याआधी मुलांना मळ्यातलं पान दाखवा, नाहीतर आतली यंत्रं म्हणजे नुसता खडखडाट. मळेवाल्यांना विचारून एकच शेंडा खुडा, दोन कोवळी पानं आणि कळी. ताज्या पानाला चहाचा वास नसतो, गवताचा असतो. ते तळहातावर जोरात चुरगळून रुमालात ठेवा. तासाभरात चुरगळलेल्या जागा तांबूस होतात, कारण फुटलेल्या पेशींमधला रस हवेशी संयोग पावतो. कारखान्यात नेमकं हेच होतं: पानं सुकवून मऊ करतात, मग सीटीसीच्या (चिरडणं, फाडणं, वळवणं) दातेरी रुळांतून काढतात, रंग पालटू देतात आणि शेवटी गरम हवेत वाळवून ती क्रिया थांबवतात. हे कळल्यावर नऊ वर्षांचं मूल यंत्रासमोरून हलणार नाही. पान तोंडात मात्र घालू देऊ नका, त्यावर फवारणी असते, हातही धुवा. ओळींमधल्या चरांत पाय मुरगळतो, म्हणून पाच वर्षांच्याचा हात सोडू नका.

घरी दुधाचा चहा पीत असाल तर दाणेदार सीटीसीच घ्या. लांब पानांचा ऑर्थोडॉक्स चहा दुधात उकळला की सुगंध जातो आणि तुरटपणा तेवढा उरतो. तो 200 मिली गरम पाण्यात चमचाभर, तीन-चार मिनिटं झाकून, मग लगेच गाळायचा.

रानवाटा:
खूप आभार! ऑगस्टमध्ये जातोय, जळवांचं काय?

घाटमाथा:
डांबरी रस्त्यावर फारशा नसतात, ओल्या गवतात असतात. पँट मोज्यात खोचा, मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा. चिकटलीच तर ओढू नका. आधी बारीक टोकाखाली नख सरकवून ते तोंड सोडवा, मग जाड टोक. जखमेतून थोडा वेळ रक्त येत राहतं, मुलं त्यालाच घाबरतात. धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरा.