शब्दचर्चा : ‘नक्षत्र’ आणि ‘राशी’ यांची हद्द निरयन पद्धतीत कुठे पडते?

अर्धचंद्र : चंद्र ज्येष्ठेच्या तांबड्या ताऱ्याला टेकलेला दिसतो, आणि त्याच क्षणी पंचांगात ‘अनुराधा’ लिहिलेलं असतं. मग ‘नक्षत्र’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, आणि त्याची सीमा ठरते कशावरून?

शरभोग : एका शब्दाला तीन अर्थ चिकटले आहेत, गोंधळ त्यातून होतो. पहिला अर्थ तारकांचा पुंजका, उदा. कृत्तिका. दुसरा, त्या पुंजक्यातला मोजणीसाठी निवडलेला एक तारा. त्याला ‘योगतारा’ म्हणतात. तिसरा, क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचा) 13 अंश 20 कलांचा तुकडा; 60 कलांचा एक अंश. पंचांगात छापलेलं नक्षत्र या तिसऱ्या अर्थाचं, म्हणजे विभागात्मक असतं, आणि निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने स्थिर धरलेल्या बिंदूपासून मोजलेलं. 360 अंशांचे 27 सारखे भाग, प्रत्येकी 800 कला. प्रत्येकाचे 200 कलांचे 4 चरण, आणि 9 चरणांची एक राशी. ‘मृग लागला’ म्हणतानाही सूर्य त्या तुकड्यात शिरला एवढंच सांगायचं असतं.

तुमच्या उदाहरणात चित्रापक्षाने (चित्रेचा तारा 180 अंशांवर धरणाऱ्या मोजणीने) ज्येष्ठेच्या योगताऱ्याचा भोग, म्हणजे आरंभापासून क्रांतिवृत्तावरचं अंतर, सुमारे 225 अंश 55 कला येतो, आणि ज्येष्ठा विभाग सुरू होतो 226 अंश 40 कलांना. तारा स्वतःच्या घराबाहेर पाऊण अंश उभा आहे. चंद्राला तेवढं अंतर कापायला साधारण दीड तास लागतो, तोवर पंचांग ‘अनुराधा’च म्हणणार, आणि ते बरोबर आहे.

अर्धचंद्र : म्हणजे योगतारा आपल्या विभागात असेलच असं नाही?

शरभोग : अजिबात नाही. चित्रापक्षात आर्द्रेचा तारा (काक्षी) 64 अंश 54 कलांवर, म्हणजे मृगाच्या विभागात पडतो. स्वातीचा तारा 180 अंश 23 कलांवर, म्हणजे चित्रेत. श्रवणाचा 277 अंश 55 कलांवर, म्हणजे उत्तराषाढेत. सीमा ताऱ्यांभोवती आखलेल्या नाहीतच. एक आरंभस्थान ठरवायचं आणि तिथून पट्टी लावत जायचं. सगळा वाद त्या एका बिंदूचा आहे.

घटीपात्र : त्या बिंदूचं सांगतो. सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथात चित्रेचा ध्रुवक (ध्रुवापासून ताऱ्यावरून काढलेली रेषा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते तिथला अंश) 180 अंश दिला आहे आणि रेवतीचा 359 अंश 50 कला. दोन्ही एकदम पाळता आले असते तर भांडणच नव्हतं. पण रेवतीची योगतारा म्हणून जी मंद तारका धरतात (पाश्चात्त्य यादीतली झीटा पिशियम), तिथून चित्रेपर्यंत आकाशात 183 अंश 57 कला भरतात, ग्रंथात मात्र 180 अंश 10 कला. ध्रुवक आणि भोग एकच नव्हेत हे खरं. पण चित्रेचा शर (क्रांतिवृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर) 2 अंशांचाच असल्यामुळे तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. म्हणून दोन पक्ष झाले. चित्रेला 180 वर बसवा, रेवतीची तारका शून्याआधी चार अंश राहते. रेवतीला शून्यावर बसवा, चित्रा 184 ला जाते.

केरोपंत छत्र्यांनी रेवती घेतली, व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा. टिळक पंचांग आजही रेवतीपक्षाचं आहे, म्हणून त्यात मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. सोलापूरच्या दाते पंचांगात ती 14-15 जानेवारीला असते. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने (दप्तरी आणि करंदीकर हे दोन मराठी सदस्य तिच्यात होते) 1955 च्या अहवालात 21 मार्च 1956 चे अयनांश (वसंतसंपात, म्हणजे 21 मार्चच्या सुमाराचा सूर्याचा बिंदू, आणि निरयन आरंभस्थान यांतलं अंतर) 23 अंश 15 कला धरले. हा चित्रापक्षच. ‘लाहिरी अयनांश’ म्हणतात ते हेच; लाहिरी समितीचे सचिव होते.

रेवतीपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते : वर सांगितलेल्या आर्द्रा, श्रवण, ज्येष्ठा या तिन्ही तारा त्या मोजणीत आपापल्या विभागात परत येतात. स्वाती तेवढी तरीही चित्रेतच राहते.

पाटीपेन्सिल : हाताने करून बघा, म्हणजे फरक कळेल. समजा 2026 सालच्या एका जन्मवेळेचा सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) चंद्र 64 अंश 10 कला आहे.

चित्रापक्षाचे अयनांश 24 अंश 13 कला वजा केले, 39 अंश 57 कला उरले. त्याच्या कला 2397. भागिले 800 : भागाकार 2, बाकी 797. दोन नक्षत्रं संपली, तिसरं चालू, म्हणजे कृत्तिका. 797 ला 200 ने भागलं की भागाकार 3, म्हणून चौथा चरण. नावाचं अक्षर ‘ए’.

रेवतीपक्षाचे अयनांश सुमारे 20 अंश 15 कला धरले तर उरतात 43 अंश 55 कला, म्हणजे 2635 कला. भागाकार 3, बाकी 235 : रोहिणी, दुसरा चरण, अक्षर ‘वा’. रास दोन्हीकडे वृषभच. पण विंशोत्तरीत (जन्मनक्षत्रावरून ग्रहांच्या महादशा काढायच्या पद्धतीत) पहिल्या गणिताने रवीची महादशा जेमतेम आठ दिवस शिल्लक, दुसऱ्याने चंद्राची सात वर्षं.

नेहमीची चूक : आजचे अयनांश जुन्या पत्रिकेला लावणे. ते वर्षाला सुमारे 50 विकला (60 विकलांची एक कला) वाढतात, म्हणजे 1976 च्या जन्माला 42 कलांची चूक. शिवाय नक्षत्र-संधीजवळ, म्हणजे वरच्यासारख्या तीन कला उरलेल्या ठिकाणी, जन्मवेळ पाच-सहा मिनिटं चुकली तरी नक्षत्र बदलतं. तिथे पक्षावर भांडण्याआधी घड्याळ तपासा.

अर्धचंद्र : आणि खगोलशास्त्रातली ‘वृश्चिक रास’? ती तर सूर्य आठवड्याभरात ओलांडतो म्हणे.

शरभोग : तिथे ‘तारकासमूह’ म्हणा, ‘रास’ नको. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या 88 समूहांच्या सीमा 1930 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या 1875 च्या विषुवांश-क्रांतीच्या (आकाशातल्या रेखांश-अक्षांशांसारख्या) रेषांवरून काटकोनात वळत जातात आणि सगळं आकाश व्यापतात. त्या हिशेबाने सूर्य वृश्चिकात आठवडाभर, नंतर भुजंगधारीत अडीच आठवडे असतो; कन्येत मात्र दीड महिना. निरयन राशी मात्र 30 अंशांचीच. ‘तेरावी रास सापडली’ या बातम्या दोन वेगळी मापं मिसळून लिहिलेल्या असतात.

घटीपात्र : सारखे तुकडे हीच एकमेव परंपरा होती असंही नाही. जुन्या एका पद्धतीत रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा दीडपट. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा, शततारका अर्ध्या. उरलेली 15 एकपट. एकपट म्हणजे चंद्राची मध्यम दिनगती, 790 कला 35 विकला. बेरीज करून चक्रात सुमारे 254 कला उरतात, त्या अभिजित या जादा नक्षत्राच्या.

पाटीपेन्सिल : लेखनाचं राहिलं. ‘निरयन’ आणि ‘निरयण’ दोन्ही छापलेलं दिसतं. ‘उत्तरायण’मधल्यासारखा रेफामुळे (आधीच्या ‘र’मुळे) ‘ण’ होतो असं ‘ण’वाले म्हणतात. ‘सायन’मध्ये रेफच नाही, त्यामुळे तिथे ‘न’ पक्का. आणि ‘अयनांश’ अनेकवचनी चालवा : अयनांश वाढले, अयनांश वजा केले.