सूत्र टाकलं, बटण दाबलं, म्हणजे फ्रॅक्टल कळलं का?

शून्यापासून: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, "तयार सॉफ्टवेअरमध्ये आपलं समीकरण टाका, चित्र आलं की झालं, कोड लिहीत बसायची गरज नाही." रात्रभर डोक्यातून जाईना. या फ्रॅक्टल चित्रांत एकच सूत्र पुन्हापुन्हा चालवायचं: आलेलं उत्तर परत झेडमध्ये घालायचं, सी म्हणजे चित्रातला बिंदू; उत्तर वाढतच सुटलं तर बिंदू "पळाला", नाहीतर तो काळा. झेड वर्ग अधिक सी कुणालाही जमतं, पण समीकरण स्वतःचं असेल तर? माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने सी × झेड × (१ − झेड) टाकलं. अख्खा पडदा काळा. "सर, सॉफ्टवेअर बिघडलंय." बिघडलं काहीच नव्हतं. सुरुवात झेड = ० पासून होती आणि या सूत्रात शून्याचं शून्यच राहतं. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) शून्य होतो तिथून, म्हणजे १/२ पासून सुरू केलं आणि चित्र उमटलं. बटण दाबून हे कळतं?

सूत्रवाला: कळतं! ती बटण दाबूनच तिथवर पोचली ना? मी फ्रॅक्टिंट या जुन्या फ्रॅक्टल सॉफ्टवेअरवर शिकलो. तेही तयारच होतं, सूत्रांची फाइल आपण लिहायची. माझ्या जुन्या ३८६ संगणकाला कोप्रोसेसर (आकडेमोडीची वेगळी चिप) नव्हता, एका चित्राला रात्र जायची. सकाळी उठून आधी पडदा बघायचो. आधी कोड लिही म्हटलं असतं तर मी वळलोच नसतो इकडे.

रंगपेटी: तुम्ही दोघं सूत्रावर भांडताय, रंगांचं काय? न पळणाऱ्या बिंदूंचा संच, त्याचा आतला भाग बहुतेकदा काळाच ठेवतात. रंग दिसतात ते बाहेरच्या बिंदूंचे, किती फेऱ्यांत पळाला त्यावरून. ते कुठले, हे माणूस ठरवतो. एका स्पर्धेत माझं चित्र परत आलं, शेरा "संगणकाने काढलेले". चार महिने एका पॅलेटवर घालवले होते मी!

शून्यापासून: ताई, वाईट वाटलं, पण विषय तो नाही.

रंगपेटी: तोच आहे. ठिपके पुस्तकातून घेतले तरी रांगोळी घालणारीचीच म्हणतो ना आपण? मग सॉफ्टवेअर तयार असलं म्हणून माझं चित्र परकं कसं?

सूत्रवाला: ताईंशी सहमत. आणि सर, "मी लिहिलं तेच खरं शिकणं" हा अहंकार आहे, स्पष्टच सांगतो.

शून्यापासून: अहंकार? मग सांगा, सी × साइन झेड ला पळून जायची मर्यादा, म्हणजे शून्यापासून किती दूर गेला की "पळाला" म्हणायचं, किती ठेवता?

सूत्रवाला: २. सगळे तीच ठेवतात.

शून्यापासून: चूक. सी = ३ घ्या, π/२ पासून सुरू करा. पहिल्याच फेरीत ३ येतात, तुमचं सॉफ्टवेअर "पळाला" म्हणतं. पण झेडचे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असतात; वास्तव अक्षावर, म्हणजे काल्पनिक भाग शून्य असताना, साइन १ च्या वर जातच नाही, म्हणजे तो बिंदू ३ च्या आतच फिरत राहणार. इथे काल्पनिक भाग तपासायचा, चिन्ह न बघता ५० ओलांडला की पळाला.

रंगपेटी: म्हणजे तिथे मी दिलेले रंगही चुकीचे?

शून्यापासून: हो, ताई.

सूत्रवाला: आत्ता ५० टाकून चालवलं. ३ पाशी काळं आलं. इतकी वर्षं मी तिथे पिवळा भरत होतो. ठीक आहे, हे मला बटणाने सांगितलं नव्हतं. पण दुरुस्त केलं ते त्याच खिडकीत, एक आकडा बदलून. कोड नाही लिहिला, सर.