फर्लोवर नागपूरला आलोय, पोरांना समुद्र दाखवायचाय, पाच दिवस कुठून काढू?

न्यांजाकाठची_आई

जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लांबच लिहून राहिली, सांभाळून घ्या.

आम्ही नागपूरचेच, माझं माहेर सदरचं, यांचं घर जरीपटक्याला. गेली सहा वर्षं मलावीत मिशनच्या कामावर आहोत, हे खेड्यातल्या पाळकांना शिकवतात अन मी क्लिनिकमध्ये नर्स. पहिल्यांदाच तीन महिन्यांची अख्खी फर्लो, म्हणजे मिशनवाल्यांची मायदेशी यायची रजा, मिळाली. एप्रिलच्या मध्यात लिलाँगवेवरून अदिस अबाबा, मग मुंबई, मग घर असं करत आलो, जुलैच्या मध्यात परत. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ ची. ती गेली तेव्हा वर्षाची होती, त्यामुळे तिच्यासाठी नागपूर म्हणजे फोनमधली आजी, बस.

आता अडचण सांगते. आम्हाला दान देऊन आधार देणाऱ्या मंडळ्या, म्हणजे चर्च, १४ आहेत, नागपूर, अमरावती, अचलपूर, संभाजीनगर, नाशिक, अहिल्यानगर, पुणे अशा पसरलेल्या. अन रविवार आहेत १३. प्रत्येक ठिकाणी उपासना, साक्ष, फोटो दाखवणं, मग कोणाकडे तरी जेवण, प्रेमाने इतकं वाढतात की नाही म्हणता येत नाही. मधल्या दिवसांत नातेवाईक. मलावीत मे-जून म्हणजे स्वेटरचे महिने, अन इथं पोरं कूलरसमोरून हलत नाहीत. मुलगा न्सिमा मागतो, ते तिकडचं रोजचं जेवण, पांढऱ्या मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं. आजीने बिचारीने इतवारीतून मक्याचं पीठ आणून करून दिलं पण ते पिवळं निघालं, याने दोन घास खाल्ले अन गप्प बसला. रात्री विचारलं की आपण घरी कधी जाणार. आजी शेजारीच झोपली होती.

तर मला यांना पाच दिवस समुद्रावर न्यायचंय, फक्त आम्ही चौघं. आमची पोरं पाण्याच्या काठीच वाढली, मलावीचा तलाव जवळजवळ ५८० किलोमीटर लांब आहे, पण त्यात हवं तिथं पाय टाकता येत नाही. लव्हाळ्याजवळच्या पाण्यात गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा जंतांचा आजार होतो अन काही ठिकाणी मगरी आहेत. सहा वर्षं मी त्यांना पाण्यापासून मागेच ओढलंय. चिचेवा भाषेत तलावालाही न्यांजा म्हणतात अन समुद्रालाही न्यांजाच, म्हणून धाकटी रोज विचारते की त्या न्यांजात मगर असते का.

कुठे जावं, मे मध्ये की जूनमध्ये, नागपूरवरून कसं, ते सांगा. अन दुसरं जे खरं मनात आहे ते पण विचारते. पैसे आम्ही मानधनातून साठवलेत, पण ते मानधन शेवटी मंडळ्यांच्या दानातूनच येतं ना. अशा पैशावर बीचवर जाणं बरोबर आहे का?

धरमपेठचा_भटक्या

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मोठी माणसं सांगतील, मी पहिल्याचं सांगतो कारण गेली आठ वर्षं दर उन्हाळ्यात पोट्ट्यांना घेऊन कोकणात जाऊन राहिलोय.

जून विसरा. २६ मे ते ३१ ऑगस्ट बोटिंग, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद असते, १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद, म्हणजे ताजी मच्छी पण नाही, अन पाऊस लागला की समुद्रात पोरांना उतरवायचंच नाही. मेचा तिसरा आठवडा पकडा. आणि सोमवार ते शुक्रवार जा! तुमचा रविवार तसाही मंडळीत जातो, अन शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उतरते तेव्हा खोलीचे भाव चढतात, ते तुमचे वाचतील.

जागा म्हणाल तर दापोली. गणपतीपुळे छान आहे पण तिथला समुद्र पोहायला धोक्याचा, छोट्या पोरीला घेऊन नको. दापोलीजवळ मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले असे किनारे आहेत, मुरूड-कर्दे सपाट अन लांब, ओहोटीला कितीतरी आतपर्यंत ओली वाळू मिळते, पोरं दिवसभर खड्डे करतात. हॉटेल नको, घरगुती राहा, जेवण घरचं मिळते.

नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनदा असते, भुसावळ, नाशिक, पनवेल करत जाते, खेडला उतरलं की दापोली गाडीने तासाभरावर, पण आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते म्हणजे मेच्या सीटा एव्हाना गेल्या असतील, वेटिंगवर भरवसा ठेवू नका. मी असतो तर नाशिकच्या मंडळीचा रविवार त्याच आठवड्यात लावला असता, समृद्धीने नाशिकपर्यंत, सोमवारी सकाळी तिथूनच खाली कोकणात, अन येताना पुण्याचा रविवार. एका फेरीत दोन मंडळ्या पण होतात. समृद्धीवर उन्हात काँक्रीट जाम तापते, टायर जुने असतील तर आधी बदला अन हवा बघून निघा, दर दोन तासांनी थांबायचंच.

अन एक कोकणातली युक्ती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तरी घरमालकाला विचारल्याशिवाय अन भरती उतरताना पोरांना पाण्यात सोडू नका, उतरतं पाणी पाय ओढून नेते.

मंडळीचा_खजिनदार

बहिणी, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नको. मी आमच्या मंडळीत मिशन फंडाचे लिफाफे मोजतो. त्यात धुणी-भांडी करणाऱ्या बाया आहेत ज्या महिन्याला ५० रुपये टाकतात, त्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. मागे एका मिशनरी कुटुंबाचे रिसॉर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले अन मला दोन जणींनी येऊन विचारलं, भाऊ हे आपल्याच पैशातून का. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण त्या कुटुंबाने आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं, आम्हाला फोटोवरूनच कळलं.

म्हणून माझं म्हणणं जाऊ नका असं नाही. जा, पण आधी सांगून जा. मंडळ्यांना पाठवता त्या प्रार्थनापत्रात सरळ लिहा की सहा वर्षांनी पोरांना पाच दिवस समुद्रावर नेतोय, इतका खर्च, आमच्या बचतीतून. लोक समजून घेतात हो. दान देणारी बाई पण आईच असते. लपवलं की मात्र वाईट वाटते.

गोंदियाकडची

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी अशीच मिशनवाल्यांची मुलगी. आईबाबा ओडिशाच्या डोंगरात होते, मी अन भाऊ तिथंच वाढलो, दर काही वर्षांनी उन्हाळ्यात विदर्भात यायचो. लोकांना वाटायचं पोरं सुट्टीला आली. ती सुट्टी नव्हती हो ताई. दर रविवारी मला तिकडची साडी नेसवून पुढे उभं करायचे अन ओडिया गाणं म्हणायला लावायचे. एकाच उन्हाळ्यात मी ते नऊ मंडळ्यांत म्हटलं. आठव्या वेळेला मला पुढे उभं राहून शब्दच आठवले नाहीत अन लोक हसले, प्रेमानेच हसले असतील, पण मी नंतर कित्येक वर्षं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची.

बाबांनी त्या वर्षी पुरीला न्यायचं कबूल केलं होतं, नागपूरवरून थेट गाडी आहे, तिकिटं पण काढली होती. मग एका मंडळीचा आग्रह आला अन तिकिटं रद्द झाली. बाबा म्हणाले पुढच्या फर्लोला नक्की. पुढच्या वेळी मी हॉस्टेलला होते. बाबांनी तिकडे जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, लोक अजून त्यांचं नाव काढतात. पण ती तिकिटं मला आठवतात, निळ्या शाईत नाव लिहिलेलं होतं माझं पाकिटावर.

ताई, पोरांना विचारा की पुढे येऊन बोलायचंय का. नको म्हणाली तर बसू द्या त्यांना आजीजवळ. आणि १३ रविवारात १४ मंडळ्या बसवू नका. एक मंडळी पुढच्या वेळेला होईल. मुलगा ११ चा परत होत नाही.

सीताबर्डीचे_गुरुजी

सप्रेम सलाम. मी निवृत्त शिक्षक, वय ७४, टाइप करायला वेळ लागतो पण हा विषय माझ्या आवडीचा.

विसाव्याबद्दल खजिनदार भाऊ बोलले तितकं पुरे, मी एकच जोडतो. ज्या १८४५ साली स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेब नागपुरात कामाला लागले, त्याच साली अमेरिकन मदुरा मिशनने कोडाईकनालला बंगले बांधले. चैन म्हणून नाही. मैदानातल्या उन्हाने अन आजाराने मिशनऱ्यांची बायकामुलं मरत होती म्हणून. विसावा न घेण्याची किंमत त्या लोकांनी मोजली होती. अन खुद्द प्रभूने शिष्यांना जेवायलाही फुरसत मिळेना तेव्हा एकान्तात चला, थोडा विसावा घ्या म्हटलं, मार्क ६:३१ काढून बघा.

आता पोरांसाठी. नाशिकला थांबणारच असाल तर त्यांना शरणपूरला न्या. तिथं चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं ठेवली अन शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट, तुमच्या मलावीकडच्या याओ लोकांतला. १८७३ मध्ये मिशनरी अन संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा तो सोबत होता, त्यांचं हृदय तिथंच पुरलं तेव्हा त्याने दफनाची प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, अन साहेबांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. पुढे देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला, १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या दफनाला हजर होता. तुमच्या मुलाला सांगा, मलावीकडचा एक मुलगा आपल्या नाशिकला राहून शिकून परत गेला होता. त्याला वाटत असेल की या दोन जागांचा एकमेकींशी संबंध फक्त आपल्याच घरात आहे, तर तसं नाही.

दुसरं, ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हिस्लॉप, त्याच चर्चने १८७५ मध्ये मलावीच्या तलावाकाठी लिव्हिंग्स्टोनिया मिशन सुरू केलं. अन दापोलीला जाताय तर बाणकोट अन हर्णै जवळच, स्कॉटिश मिशनची या भागातली सुरुवात १८२३ ला तिथूनच झाली. डॉ. जॉन विल्सन नवरा-बायको मुंबईत स्थिरावण्याआधी मराठी शिकायला तिकडेच राहिले होते. हर्णै बंदरावर संध्याकाळी मच्छीचा लिलाव असतो, पोरांना आवडेल.

न्यांजाकाठची_आई

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, माफ करा. जाऊन आलो!

खजिनदार दादा म्हणाले तसं प्रार्थनापत्रात लिहिलं, खर्चाच्या आकड्यासकट. भीती वाटत होती पाठवताना. अमरावतीच्या एका मावशींचा फोन आला, म्हणाल्या पोरांना घेऊन जा अन माझ्यासाठी एक शिंपला आण. एका मंडळीला आम्ही या वेळी नाही म्हटलं, त्यांना थोडं वाईट वाटलं, हे खरं आहे, पण व्हिडिओ कॉलवर भेटलो त्यांच्या महिला मंडळाला.

शरणपूरला गेलो. मुलगा काहीच बोलला नाही, गाडीत बसल्यावर विचारलं की जेकबला मराठी येत असेल का. मला माहीत नव्हतं. मग स्वतःच म्हणाला, येत असेल, बाजारात जावं लागत असेल ना त्याला.

कर्द्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती, तिथीचा हिशेब बरोबर निघाला भाऊ! पोरं वाळूवर धावली अन पाण्याच्या रेषेशी येऊन दोघंही थांबली. धाकटी दोन्हीकडे लव्हाळं शोधत होती, मी शिकवलं तसंच. मग माझ्याकडे बघायला लागली. अन मलाच जा म्हणवेना. सहा वर्षांची सवय, तोंडातून शब्द येईना. यांनी तिचा हात धरून नेलं, गुडघ्यापर्यंत, मग मी पण गेले साडीसकट. तिने लाटेला पाठ केली अन लाटेने तिला बसवलं, ती ओरडली, मी घाबरले, तर ती हसत होती.

पहिले दोन दिवस मी फोन बंद ठेवू शकले नाही. तिसऱ्या दिवशी ठेवला. हे दुपारी चार-चार तास झोपले, इतके थकलेले मला माहीतच नव्हते.

हर्णैला लिलाव बघितला, तिथं सुकवलेली बारीक मच्छी बघून मुलगा उसिपा उसिपा करत धावला, तिकडची तशीच असते. घेतली पावशेर. आम्ही जिथं उतरलो होतो त्या काकूंना विचारलं करून द्याल का, त्या म्हणाल्या देते की, अन सोबत सकाळची तांदळाची उकड उरली होती ती पण दिली. पांढरी, घट्ट. त्याने बोटांनी गोळा केला, मधे खळगा पाडला जसा न्सिमाला पाडतात, मच्छी त्यात घातली अन दोन ताटं संपवली. काकू बघतच राहिल्या.

गोंदियाच्या ताई, पुण्याला मी दोघांना विचारलं. मुलगा नको म्हणाला, मागे बसला. मुलगी म्हणाली मला मगर नव्हती ते सांगायचंय, मग तिने पुढे जाऊन तेवढंच सांगितलं अन आली.

आता आजीला ती उकड करायची आहे अन काकूंचा नंबर घ्यायचा राहिला. कोणी कोकणातलं असेल तर सांगा ना, पिठी किती, ताक किती, आलं-मिरची ताकातच घालायची का, अन गुठळी होऊ नये म्हणून पिठी ताकात आधी कालवायची की उकळीत सोडायची?