मदत हवी आहे: तिसऱ्या (रात्रीच्या) पाळीत टीम मरगळते

चाकणला असेंब्ली लाइन, पाळीत 22 जण. पाळी दर आठवड्याला बदलते, तीही उलटी: तिसरी, दुसरी, पहिली. झोप पुढे ढकलणं शरीराला सोपं, अलीकडे ओढणं जड. म्हणून पहिली-दुसरी-तिसरी अशी सुलट फेरी हवी. पण हडपसरकडच्या कंपनी बसचं वेळापत्रक आडवं येतं. पहाटे 3 ते 5 मध्ये एखादा बोल्ट टॉर्कविना (ठरलेल्या जोराने न आवळता) राहून जातो, रीवर्क (पुन्हा करावं लागणारं काम) वाढतं, सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी बसतात. खरा उत्साह तिथंच मरतो. अडीचला 20 मिनिटांची विश्रांती आणि दर दोन तासांनी स्टेशनबदल (लाइनवरच्या कामाची जागा बदलणं) ठरवलाय. (समोसा पार्टी सुचवू नका, तिचा परिणाम दोन दिवस.) सुलट फेरीसाठी आधी युनियनशी बोलावं की एका लाइनवर चाचणी घ्यावी? बदलाच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टी कुठे बसवता?