मदत हवी आहे: ‘प्रोहार्मोन’च्या कॅप्सूल आणि भावाची कावीळ

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. बारका भाऊ चोवीस वर्षांचा, जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी जीव तोडून मेहनत करतोय. जिमच्या ट्रेनरनं त्याला कसल्या तरी कॅप्सूल दिल्या. विचारलं की म्हणायचा, "दादा, हे स्टेरॉईड नाही, प्रोहार्मोन आहे. सुई थोडीच टोचतोय?"

आता त्याचं जेवण तुटलंय. रात्रभर तळहात-तळपाय खाजवतो, ओरबाडून कातडी सोललीय. लघवी कोऱ्या चहासारखी. काल अंगणातल्या उन्हात बघितलं तर डोळे पिवळे.

बाटलीवर बारीक अक्षरात ‘मिथाइलड्रोस्टॅनोलोन’ लिहिलंय. आयात करणाऱ्याचं नाव नाही, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) क्रमांक नाही. शोधल्यावर कळलं, यालाच मेथास्टेरॉन म्हणतात. प्रोहार्मोन, म्हणजे शरीरात गेल्यावर हार्मोन बनणारा पदार्थ, म्हणून खपवतात, पण हे मुळातच स्टेरॉईड आहे. यकृतानं लगेच मोडू नये म्हणून १७व्या कार्बनवर मिथाइल जोडलेलं असतं, आणि तेच यकृताला बाधतं. अमेरिकेत २००५ च्या सुमारास हे सप्लिमेंट म्हणून उघड विकलं जायचं. २००६ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं विक्रेत्यांना इशारा दिला, २०१२ मध्ये ते तिथं नियंत्रित पदार्थांत टाकलं गेलं. तिथं बंद झालेला माल आमच्या पोराच्या हातात आला कसा, याचा संताप होतो.

ट्रेनर म्हणतो, कोर्स अर्धवट सोडला तर अंग उतरेल, आणि व्यायामानं एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतंच. आई काविळीच्या झाडपाल्यासाठी एका खेड्यात न्यायचं म्हणते. भाऊ डॉक्टरकडे यायला तयार आहे, पण गोळ्यांचं सांगायचं नाही म्हणतो. नेमकं काय करू? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

प्रतिसाद १
दादा, मी डॉक्टर आहे. कॅप्सूल आजच बंद. हळूहळू कमी करत बसायचं काही कारण नाही. एसजीपीटीचं ट्रेनर अर्धं खरं बोलतोय. जड वजनं उचलून ते वाढू शकतं, पण व्यायामानं डोळे पिवळे होत नाहीत. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. क्रिएटिनिन विसरू नका, या कावीळीत किडनीलाही झळ बसते. हिपॅटायटिसच्या तपासण्याही हव्यात, दुसरं कारण नाही ना ते कळायला. गोळ्या थांबवल्यावरही कावीळ काही आठवडे वाढत राहू शकते, घाबरून जाऊ नका, पण तपासणी चुकवू नका. बरळायला लागला, गुंगी आली किंवा लघवी कमी झाली तर रात्र असली तरी थेट अॅडमिट करा. झाडपाला अजिबात नको, आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी बोजा. पॅरासिटामॉल आणि दारूही नको.

प्रतिसाद २
बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. नंतर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करताना पुरावा म्हणूनही लागेल. भावाला समजवा, डॉक्टर पोलिसांत देत नाहीत. त्यांना माहीतच नसेल तर उपचार कशावर करणार?

धागाकर्ता
खूप आभार. आईला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, खेड्याचं रद्द झालं. भावाकडून बाटली घेतलीय. सकाळी रक्त इथंच देतो. पण पोटविकारतज्ज्ञ नांदेडला गाठावा की सरळ छत्रपती संभाजीनगरला घाटीत (सरकारी रुग्णालयात) न्यावं? तिथं कुणी हल्ली दाखवलंय का? ओपीडीची वेळ माहीत असेल तर सांगा.